गिंपमध्ये रंगावरून सिलेक्शन: थ्रेशोल्ड ओढत बसण्याआधी

मंडळाचा लोगो मागितला की व्हॉट्सॲपवर एक जेपेग येतो, पांढऱ्या चौकोनासकट. तो भगव्या फ्लेक्सवर ठेवला की पांढरा डबा लांबूनही दिसतो. मग कुणीतरी सांगतं, "गिंप टाक, पांढऱ्यावर क्लिक कर आणि डिलीट मार." गिंप म्हणजे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर, आणि सांगणाऱ्याचं खोटं नाही. पण डिलीट मारल्यावर लोगोभोवती मळकट किनार राहते. एक टूल वापरलं तर अक्षरांच्या पोटातला पांढरा तसाच उरतो, दुसरं वापरलं तर गणपतीचा सुळाच जातो. या तिन्ही भानगडी टाळता येतात, आणि त्यासाठी फार काही शिकावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात बसवा. आपण रंग पाहतो, गिंप आकडे पाहतं. प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्यात, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. तुम्ही जिथे क्लिक करता तिथले आकडे घेऊन गिंप बाकीच्या पिक्सेलांशी वजाबाकी करतं आणि फरक मर्यादेत असेल तर तो पिक्सेल आत घेतं. नवखा माणूस ती मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, पुढेमागे करत अर्धा तास घालवतो. खरा निर्णय असतो वजाबाकी कशाची करायची हा.

काय काय लागेल

गिंप, शक्यतो अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेलं. २.१० असो वा २०२५ मध्ये आलेलं ३.०, इथे सांगितलेलं दोन्हींत चालतं. ते फुकट आहे, त्यामुळे "क्रॅक" वगैरे शोधायच्या फंदात पडायचं कारण नाही. दुसरं, माउस. टचपॅडवर कडा गिरवणं म्हणजे शिक्षा आहे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिळेल तेवढी चांगली मूळ फाइल.

१. आधी फाइलकडे बघा

चित्र उघडा आणि अक्षराच्या कडेपाशी ८०० टक्के झूम करा. काळ्या अक्षराभोवती करड्या-पिवळट ठिपक्यांची धूळ दिसेल. ही जेपेगची देणगी. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतं, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतं. म्हणून तुम्हाला पांढरं वाटणारं सगळं पांढरं नसतं, आणि लाल-भगव्याची सीमा जिथे दिसते तिथेच असेल असंही नाही.

त्यामुळे पाठवणाऱ्याला आधी विचारा: मूळ फाइल आहे का? छापखान्यात बऱ्याचदा कोरल ड्रॉची किंवा पीडीएफ फाइल पडलेली असते. ती नसेल तर निदान फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबणार नाही. पाच मिनिटांच्या फोनने तासाभराची साफसफाई वाचते.

आता दोन छोटी कामं. इमेज मेनूत मोडमध्ये जा. तिथे इंडेक्स्ड (ठराविक रंगांच्या यादीवर चालणारं) असेल तर आरजीबी करा. जिफ आणि काही पीएनजी फायली इंडेक्स्ड असतात आणि त्यांत अर्धवट पारदर्शकता जमत नाही, कडा करवतीसारख्या दातेरी होतात. मग लेयर मेनूत ट्रान्स्परन्सीमध्ये "ॲड अल्फा चॅनेल" दाबा. अल्फा म्हणजे पिक्सेल किती पारदर्शक ते सांगणारा आकडा. ते अंधुक असेल तर अल्फा आधीच आहे. अल्फा नसताना डिलीट केलं तर पारदर्शक होण्याऐवजी तिथे बॅकग्राउंडचा रंग भरतो. तो रंग पांढरा असला तर पांढऱ्याच्या जागी पांढरंच येतं आणि माणूस "डिलीट चालतच नाही" म्हणून गिंप बंद करतो.

२. योग्य टूल उचला

रंगावरून निवडणारी दोन टूल्स आहेत. फझी सिलेक्ट (जादूच्या कांडीचं चिन्ह, शॉर्टकट यू) क्लिक केलेल्या जागेला लागून असलेला सारखा रंग धरतं. सिलेक्ट बाय कलर (शिफ्ट + ओ) चित्रभर कुठेही असलेला सारखा रंग धरतं. नव्या आवृत्त्यांत टूलबॉक्समध्ये दोन्ही एकाच चिन्हाखाली दडलेली असतात. चिन्हावर राइट क्लिक करा किंवा थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे दुसरं सापडतं.

देवनागरीत हा फरक लगेच कळतो. "नवयुवक" हा शब्द लोगोत असेल तर व आणि क यांच्या गोलातला पांढरा बाहेरच्या पांढऱ्यापासून रेषांनी तोडलेला असतो. फझी सिलेक्टने बाहेर क्लिक केलं तर ही पोटं हाती लागत नाहीत, प्रत्येक अक्षरात जाऊन क्लिक करावं लागतं. मजकूर चार ओळींचा असेल तर नुसता त्रासच. सिलेक्ट बाय कलर एका क्लिकमध्ये सगळी पोटं घेतं. पण त्याच क्लिकमध्ये गणपतीचा सुळा, डोळ्यांतलं बुबुळाभोवतीचं पांढरं आणि उपरण्याचा काठही घेतं, कारण तेही पांढरंच.

माझा सल्ला: मजकूर असेल तिथे सिलेक्ट बाय कलरने सुरुवात करा आणि नको ते नंतर वजा करा. तीस पोटं शोधण्यापेक्षा एक सुळा वाचवणं सोपं.

३. क्लिक करा, मग थ्रेशोल्ड ठरवा

टूल घेतलं की खाली किंवा बाजूला टूल ऑप्शन्स दिसतात. तिथे थ्रेशोल्ड सहसा १५ असतो. निखळ पांढऱ्यावर क्लिक केलं तर १५ चा अर्थ असा: ज्या पिक्सेलचे तिन्ही आकडे २४० किंवा त्याहून जास्त आहेत ते आत. तिघांपैकी एकाचाही फरक १५ च्या पलीकडे गेला तर तो पिक्सेल बाहेर. जेपेगची धूळ अक्षरांजवळ २४० च्या खाली सहज जाते, म्हणून व्हॉट्सॲपी लोगोला मी २५-३० पासून सुरू करतो. मूळ पीएनजी असेल तर १५ पुरतात.

क्लिक करून बटण न सोडता माउस खाली किंवा उजवीकडे ओढला की थ्रेशोल्ड वाढतो, वर किंवा डावीकडे ओढला की कमी होतो. आकडा टाइप करत बसण्यापेक्षा हे बरं. तिथलं अँटीअलायझिंग (कडेचे दाते गुळगुळीत करणारं) चालू ठेवा. फेदर एजेस (कड विरळ करत नेणारं) सध्या बंद ठेवा, कडांचं काम पुढे वेगळं करायचं आहे.

क्लिक कुठे करता यालाही किंमत आहे. कडेजवळच्या मळक्या पांढऱ्यावर क्लिक केलं तर वजाबाकी त्या मळक्या आकड्यापासून होते आणि सगळं गणित सरकतं. रंगाच्या मधोमध, स्वच्छ जागी क्लिक करा. शंका वाटली तर विंडोज मेनूतल्या डॉकेबल डायलॉग्जमधून पॉइंटर उघडून ठेवा. माउस जिथे फिरेल तिथले आकडे समोर दिसत राहतात.

४. 'सिलेक्ट बाय' ही यादी उघडा

टूल ऑप्शन्समध्ये "सिलेक्ट बाय" नावाची यादी आहे, आणि बहुतेक लोक तिला कधी हातच लावत नाहीत. ती कंपोझिटवर असते, म्हणजे तिन्ही आकडे पाहा. त्याखाली रेड, ग्रीन, ब्लू, मग एचएसव्ही या मोजणीचे ह्यू (रंगछटा), सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता), व्हॅल्यू (उजळपणा), एलसीएच या दुसऱ्या मोजणीचे तीन, आणि अल्फा. थ्रेशोल्डने जे जमत नाही ते इथे एका क्लिकमध्ये जमतं.

घरातली पाककृतींची जुनी वही घ्या. पिवळटलेला कागद, फिक्या निळ्या आखलेल्या ओळी, निळ्या शाईतलं अक्षर आणि पानाच्या मधोमध हळदीचा डाग. अक्षर तेवढं वेगळं काढायचं आहे. आकडे साधारण असे येतात (तुमच्या वहीत थोडे वेगळे असतील): कागद २३५, २२५, २००. हळदीचा डाग २२५, १७५, ६०. शाई ५०, ६०, १३०. डागावर लिहिलेली शाई ४५, ५०, ५०. आखलेली ओळ १७०, १९५, २१५.

कंपोझिट ठेवून कोऱ्या कागदावरच्या शाईवर क्लिक करा. डागावरच्या शाईचा निळा आकडा ८० ने वेगळा आहे, म्हणून ती सुटते. ती धरायला थ्रेशोल्ड ८० केला की डागाच्या सावलीतला भागही हळूहळू आत शिरतो. ह्यू लावून पाहा, तर डागावरची शाई निळी उरलेलीच नाही, तिथे ह्यूही हरतो.

आता फक्त पहिला आकडा वाचा. कागद २३५, डाग २२५, शाई ५० आणि ४५, ओळ १७०. पिवळ्यात लाल भरपूर असतो, म्हणून लाल चॅनेलमध्ये हळद जवळपास कागदच होऊन जाते. "सिलेक्ट बाय" रेडवर करा, थ्रेशोल्ड ६० ठेवा आणि शाईवर क्लिक करा. डागावरचं आणि डागाबाहेरचं दोन्ही अक्षर येतं, हळद येत नाही, आखलेल्या ओळीही येत नाहीत. कुंकवाचा डाग असेल तरी रेडच, कारण कुंकूही लाल चॅनेलमध्ये उजळ असतं. लाल शाईने लिहिलं असेल तर मात्र ग्रीन घ्या: लाल शाईचा हिरवा आकडा खाली असतो, हळदीचा त्यामानाने वर.

आता नवा पारदर्शक लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, घ्या (शिफ्ट + कंट्रोल + एन), डी दाबा म्हणजे पुढचा रंग काळा होतो, आणि कंट्रोल + स्वल्पविराम. अक्षर स्वच्छ काळ्यात नव्या लेयरवर उतरतं. खालचं पान तसंच राहतं, ते पुसू नका.

हिरवी पैठणी निळी करून पाहायची असेल तर उलटं. चुण्यांमध्ये उजेड-सावली बदलते, पण हिरवेपणाची दिशा तीच राहते, म्हणून तिथे ह्यू लावा. थ्रेशोल्ड मात्र कमी हवा. ह्यू हे ३६० अंशांचं वर्तुळ आहे आणि थ्रेशोल्डचा १५ म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे २१ अंश. लाल ० वर, भगवा ३० च्या आसपास, पिवळा ६० वर. भगव्यावर क्लिक केलं तर २१ अंशांत केशरी-पिवळट छटा सहज घुसतात. मी ६-७ च्या पुढे क्वचित जातो. जरीचा आणि साडीचा रंग जवळचे असतील तर त्याहूनही कमी. काळ्या, पांढऱ्या आणि करड्या भागात ह्यूवर विसंबू नका. तिथे रंगच नसल्याने आकडा कुठेही भरकटतो, आणि चुण्यांच्या गडद खाचांत भलतेच ठिपके निवडले जातात.

५. नको ते वजा करा, हवं ते जोडा

शिफ्ट दाबून क्लिक केलं की आधीच्या निवडीत भर पडते. कंट्रोल दाबून क्लिक केलं की वजा होतं. दोन्ही एकत्र दाबली की फक्त सामाईक भाग राहतो. ही बटणं आधी दाबायची, मग क्लिक. उलट क्रमाने आधीची सगळी निवड पुसली जाते (कंट्रोल + झेड आहेच).

लोगोच्या पांढऱ्यातून सुळा वाचवायचा तर फ्री सिलेक्ट (एफ) घ्या, कंट्रोल दाबा आणि सुळ्याभोवती ढोबळ वळसा घाला. वळसा सुळ्याच्या काळ्या बाह्यरेषेवरून गेला तरी चालतं, तिथे निवड नव्हतीच. डोळ्यांचंही तसंच.

सामाईक भागाची युक्ती लोक विसरतात, पण मिरवणुकीच्या फोटोत तिच्यावाचून भागत नाही. पंधरा भगवे फेटे आहेत आणि मधल्याच एका माणसाच्या फेट्याचा रंग बदलायचा आहे. आधी फ्री सिलेक्टने त्या फेट्याभोवती सैल कुंपण घाला. मग सिलेक्ट बाय कलर घेऊन शिफ्ट + कंट्रोल दाबून फेट्यावर क्लिक करा. कुंपणाबाहेरचे चौदा फेटे आणि मागचा ध्वज सुटतात.

हेच प्रकार टूल ऑप्शन्समधल्या मोडच्या चार चौकोनांतही आहेत. तिथे चुकून "ॲड" लागून राहिलं तर पुढचं प्रत्येक क्लिक भरच घालत जातं. निवड भलतीच पसरायला लागली की आधी तिकडे बघा.

६. चालत्या तुटक रेषांवर विश्वास ठेवू नका

सिलेक्शनभोवती चालणारी तुटक रेषा अर्धवट सत्य सांगते. ती पिक्सेल निम्म्याहून जास्त निवडला गेला आहे तिथवरच असते. ३० टक्के निवडलेला पिक्सेल रेषेबाहेर दिसतो, पण डिलीट केलं की तोही ३० टक्के पुसला जातो.

खरं चित्र पाहायला शिफ्ट + क्यू दाबा. क्विक मास्कमध्ये न निवडलेला भाग लालसर झाकलेला दिसतो आणि निवडलेला उघडा. अर्धवट निवड फिक्या लालीत दिसते. उपरण्यावर नको असलेली भोकं, कोपऱ्यातली राहिलेली धूळ, सगळं इथे उघडं पडतं. इथेच ब्रश घेऊन दुरुस्तीही करता येते: पांढऱ्याने रंगवलं की निवडलं जातं, काळ्याने रंगवलं की सुटतं. पुन्हा शिफ्ट + क्यू, की सिलेक्शन तयार.

धुळीचे सुटे ठिपके निवडीत भोकं पाडत असतील तर सिलेक्ट मेनूतलं "रिमूव्ह होल्स" मोहात पाडतं. मजकूर असलेल्या लोगोवर ते वापरू नका. गिंपच्या लेखी निवडीने चारी बाजूंनी वेढलेलं अक्षर हेही एक भोकच आहे, तेही भरून जाईल.

७. किनार

आता मूळ दुखणं. काळ्या किंवा भगव्या कडेवरचे पिक्सेल मुळात मिश्र असतात, थोडा भगवा आणि थोडा पांढरा. नुसता पांढरा डिलीट केला की हे मिश्र पिक्सेल मागे राहतात आणि गडद फ्लेक्सवर पांढरी झालर दिसते. थ्रेशोल्ड वाढवून ती घालवायला गेलात तर अक्षरं झिजतात. म्हणून इथे डिलीट वापरायचंच नाही.

आधी लोगोखाली एक लेयर घालून त्यात गडद मरून रंग भरा, म्हणजे झालर लपणार नाही. लोगोचा लेयर पुन्हा निवडा. हे विसरलात तर पुढचं सगळं मरूनवर होईल.

पांढऱ्याची निवड (सुळा वगळून) तयार आहे. सिलेक्ट मेनूतून ग्रो घ्या, १ पिक्सेल, मोठ्या स्कॅनला २. निवड आता मिश्र कडेवर चढली. मग कलर्स मेनूतून "कलर टू अल्फा", रंग पांढरा. हे टूल पिक्सेल सरसकट पुसत नाही, त्यातला पांढऱ्याचा वाटा काढून घेतं आणि तेवढाच भाग पारदर्शक करतं. मिश्र कड अर्धपारदर्शक भगवी होते आणि मरूनवर सहज मिसळते.

पूर्ण चित्रावर ते लावू नका, कारण तेजस्वी भगव्यातही पांढऱ्याचा वाटा निघतो आणि आख्खा ध्वज झिरझिरीत होतो. त्यासाठीच निवड कडेपुरती वाढवायची. एवढं करूनही कडेचा भगवा थोडा पातळ वाटला तर तिथली ओपॅसिटी थ्रेशोल्डची पट्टी १ वरून ०.८ च्या आसपास आणा. पांढऱ्या जागी धुरकट पडदा उरला असेल तर ट्रान्स्परन्सी थ्रेशोल्ड किंचित वर, ०.०५ पासून सुरू करा.

फोटोतल्या साडी-फेट्याला कलर टू अल्फा लागत नाही. तिथे सिलेक्ट मेनूतलं फेदर १-२ पिक्सेल द्या आणि कलर्समधलं ह्यू-सॅच्युरेशन वापरा. भाग कायमचा कापायचा नसेल तर लेयर मेनूतून मास्क (लेयरचा भाग न पुसता लपवणारं झाकण) जोडा आणि "सिलेक्शन" हा पर्याय निवडा. मास्क नंतर कधीही रंगवून सुधारता येतो.

८. निवड आणि फाइल, दोन्ही जपा

सिलेक्ट मेनूतलं "सेव्ह टू चॅनेल" दाबून निवड चॅनेल म्हणून ठेवा. काम एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) सेव्ह करा, म्हणजे लेयर आणि चॅनेल दोन्ही टिकतात. वापरायची प्रत मरूनचा लेयर लपवून फाइल मेनूतल्या एक्स्पोर्ट ॲजने पीएनजीमध्ये काढा. जेपेगमध्ये पारदर्शकता मावतच नाही. आणि हा पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तिकडे पुन्हा जेपेग होऊन पारदर्शकता जाते आणि डबा परत येतो. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

अडलं तर आधी हे तपासा

क्लिक करूनही काहीच निवडलं जात नाही, किंवा भलतंच निवडलं जातं: लेयर्सच्या यादीत कोणता लेयर चालू आहे? टूल चालू लेयरचेच रंग पाहतं. दिसतं तसं सगळ्या लेयरांचं मिळून पाहायला हवं असेल तर "सॅम्पल मर्ज्ड" वर टिक करा. मात्र पुसणं किंवा रंगवणं तरीही चालू लेयरवरच होतं.

ब्रश उठतच नाही: कुठेतरी एखादी इवलीशी जुनी निवड शिल्लक असते. शिफ्ट + कंट्रोल + ए दाबा.

निवड उलटी हवी: कंट्रोल + आय. लोगोत रंग पाच आणि बॅकग्राउंड एक असेल तर नेहमी बॅकग्राउंड निवडून उलटं करा.

गिंप नसेल तर

फोटोशॉपमध्ये मॅजिक वाँडचा टॉलरन्स ३२ असतो. वरचं "कंटिग्युअस" काढलं की तो चित्रभर निवडतो. त्याहून उपयोगी सिलेक्ट मेनूतलं कलर रेंज: काळ्या-पांढऱ्या झलकीत निवड आधीच दिसते आणि फझीनेसची पट्टी गिंपच्या थ्रेशोल्डचं काम करते. वहीच्या हळदीसाठी तिथे चॅनेल्स पॅनेलमध्ये जाऊन लाल चॅनेलच्या चौकटीवर कंट्रोल दाबून क्लिक करायचं. उजळ भाग निवडला जातो, म्हणजे कागद आणि डाग. ती निवड शिफ्ट + कंट्रोल + आय ने उलटी केली की शाई हातात येते. आखलेल्या ओळीही अंधुकशा बरोबर येतील, त्या लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सोयीने) उडवाव्या लागतात. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये "सिमिलर कलर सिलेक्शन" नावाचं टूल आहे, साध्या लोगोला ते पुरतं.